लेक म्हणायचं नाही

काकांकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी एकच अट घातली. मासे तळले तरी चालतील, उशिरा आलं तरी चालेल, रविवारी दुपारपर्यंत लोळत पडलं तरी हरकत नाही. पण या घरात तळ्याला तळं म्हणायचं. लेक म्हणायचं नाही.

मी नोकरीसाठी मिल्टन कीन्सला नुकतीच आले होते. गाडी नव्हती, आणि त्या गावात गाडी नसलेल्या माणसाला कुत्रंही विचारत नाही. ऑफिसला चालत जाता येईल अशी ती एकच खोली होती, म्हणून मी मान डोलावली. मनात म्हटलं, झालं, भाषाशुद्धीवाले भेटले. आता फ्रीजला काय म्हणावं लागतंय बघू.

पण काका फ्रीजला फ्रीजच म्हणायचे. काउन्सिलला काउन्सिल म्हणायचे आणि तिच्या नावाने चांगल्या खणखणीत इंग्रजी शिव्याही घालायचे. त्यांचं वाकडं होतं ते त्या एकाच शब्दाशी. आणि तो शब्द टाळायला मिल्टन कीन्सइतकं गैरसोयीचं गाव नसेल. हे गाव ज्यांनी कागदावर आखून वसवलं त्यांनी पुराचं पाणी साठवायला जागोजाग तळी करून ठेवली आहेत. इथली माणसं पत्ता सांगतात तोसुद्धा लेकच्या अलीकडे नाहीतर पलीकडे.

कारण मला दुसऱ्याच शनिवारी कळलं. काकू खिडकीशी बसल्या होत्या. गोऱ्यापान, बारीक, मांडीवर हात ठेवून कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. त्यांना विसरायला होतंय एवढं मला काकांनी सांगितलं होतं. बाहेर चक्क ऊन पडलं होतं, आणि मी अट विसरून म्हणाले, "काकू, लेकवर जाऊन येऊया का?"

काकू ताडकन उठल्या. "कुणाची लेक? आली का?" असं म्हणत घरातल्या सपाता घालूनच त्या दाराकडे निघाल्या. कडी काढायला लागल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, तिला बाहेर का उभी केलीस?"

काका आतून आले. आवाज न चढवता त्यांनी काकूंचा हात कडीवरून काढला. "तळं म्हणतेय ती. तळं. तळ्यावर जायचंय आपल्याला." काकूंच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला तो मी पाहिला. त्या दिवसापासून तो शब्द मी ऑफिसातसुद्धा जपून उच्चारायची.

त्यांना एक मुलगी होती, मंजू. ती घानातच वारली, पाच-सहा वर्षांची असताना. काका तिकडे कुमासीजवळच्या एका शाळेत फिजिक्स शिकवत होते. त्या काळी आपल्याकडची बरीच मंडळी अशी आफ्रिकेत मास्तरकी करायला गेली होती. मुलगी तिथेच राहिली आणि हे दोघं वर्षभरात इंग्लंडला आले. इथे मुलगा झाला, तो आता ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. ही सगळी माहिती काकांनी मला एका दमात, रेडवेच्या, म्हणजे इथल्या पायी चालणाऱ्यांसाठीच्या लाल रस्त्यावरून चालताना दिली, आणि मग विचारलं, "बरं, घानात तळी किती आहेत?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. प्लंबरला विचारत, काकूंच्या औषधांसाठी येणाऱ्या नर्सला विचारत, मुलाच्या सासऱ्यांना तर पहिल्या भेटीत साखरपुड्याच्या पेढ्याआधी विचारला होता म्हणे. लोक अंदाजाने दहा-वीस असं काहीतरी म्हणत. मग काका प्रसन्न होत. "एक! खरं म्हणावं असं एकच मोठं तळं आहे. बोसुमत्वे. बाकी बघून घ्यायला हरकत नाही, पण बघण्यासारखं एकच."

बाकीची बघून घेण्यासारखी कुठली, हे मला इतक्या वेळा ऐकावं लागलं की आजही झोपेतून उठवलंत तर सांगेन. व्होल्टा आहे, पण ते तळं नाही, धरण. "आपल्या मराठीत सोय आहे बघ. धरण म्हटलं की भिंतही आली आणि पाणीही आलं." त्या धरणाखाली गावंच्या गावं गेली, आणि बुडालेल्या झाडांचे वठलेले शेंडे अजून पाण्यातून वर आलेले दिसतात. सूर्यास्त चांगला, पण कुणाच्या तरी घरादारावरून बोटीने फिरायला काकांना आवडत नसे. पश्चिमेला टाडाने नावाचं तळं आहे, त्याच्यात लाकडी खांबांवर अख्खं गाव उभं आहे, शाळेसकट. तिथे होडीने जायचं आणि गावकऱ्यांना फोटो काढू का असं आधी विचारायचं. उत्तरेला पागाचं मगरींचं तळं. मगरी माणसाळलेल्या आहेत असं सांगतात, ते सांगणाऱ्यालाच आधी जवळ जाऊ द्यायचं. आणि मग बोसुमत्वे. आकाशातून दगड पडून झालेलं, चहूकडून हिरव्या डोंगरांच्या कड्यात बसलेलं, गोल.

मी एकदा उत्साहाने म्हणाले, "म्हणजे आपलं लोणारच की!"

"लोणार लोणार करू नकोस," काका वसकन अंगावर आले. "प्रत्येक मराठी माणूस हेच म्हणतो. लोणारचं पाणी खारट. त्यात मासा जगत नाही. बोसुमत्वेचं गोड आहे. माणसं पितात, पोरं पोहतात."

घाना लांब, म्हणून त्यांनी गावातल्या तळ्यांनाच घानातली नावं वाटून दिली होती. विलन नावाच्या भागातलं मोठं तळं म्हणजे व्होल्टा. फर्झटनचं टाडाने. आणि घरापासून जवळचं, कॅल्डिकॉटचं, ते बोसुमत्वे. दर शनिवारी काकूंना घेऊन आम्ही बोसुमत्वेला जायचो. काकू चालू शकत होत्या तोवर चालत, मग चाकाच्या खुर्चीतून. आभाळ बहुधा शिसाच्या रंगाचं, वारा पाण्यावरून थेट कानात शिरणारा, आणि काठावर बदकांनी आणि कॅनडाहून आलेल्या त्या माजोरड्या हंसांनी करून ठेवलेली घाण. असलं बोसुमत्वे.

पाण्यापासून वीसेक पावलांवर एक बाक होता. तिथे पोचलं की काका खिशातून सुती पिशवी काढायचे. किल्ल्या, सुटे पैसे, घड्याळ, चष्म्याचं घर, सगळं तिच्यात. मग पिशवी माझ्यापुढे धरायचे. "बेल्ट काढ. त्याला बक्कल आहे."

"काका, हीथ्रोवरसुद्धा एवढं करत नाहीत."

"हीथ्रोला पाणी नाही. काढ."

बोसुमत्वेचा तसा नियमच आहे. त्या पाण्याला लोखंड लागू द्यायचं नाही. तिथले कोळी होडी वापरत नसत, लाकडाच्या सपाट फळीवर बसून हातांनी पाणी मारत जात. मेलेल्यांचे आत्मे देवाचा निरोप घ्यायला त्या तळ्यावर येतात असं ते लोक मानतात, म्हणून ही जपणूक. आता तिथे मोटरबोटी आल्या आहेत असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं, पण ते त्यांना मान्य नव्हतं. काकूंच्या मंगळसूत्राला मात्र सूट होती. "नियम लोखंडाचा आहे. सोन्याबद्दल काही म्हटलेलं नाही."

मी म्हणाले, "अहो, पण हे काउन्सिलचं तळं आहे."

"पाण्याला काय माहीत?"

हे सगळं करणारा माणूस देवाधर्माचा म्हणाल तर शून्य. घरात देव्हारा नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला आरतीच्या वेळी ते बाहेर जाऊन पार्किंगमध्ये उभे राहत. वडिलांच्या घरी कडक सोवळं होतं, आणि त्या सोवळ्यापायी आईचे झालेले हाल बघून काकांनी विशीतच ते सगळं झुगारून दिलं होतं. म्हणून तर मला त्या पिशवीचं कोडं पडायचं. एका शनिवारी बेल्ट काढता काढता मी तोंडावरच विचारलं, की काका, तुमचा यावर विश्वास आहे का? काकू खुर्चीत डुलक्या घेत होत्या. तेव्हा पाण्याकडे बघत काकांनी मला डब्याची गोष्ट सांगितली.

ते तिघं बोसुमत्वेला सहलीला गेले होते. आपली मंडळी कुठेही गेली तरी पोळीभाजी बरोबर नेणारच. स्टीलच्या पुडाच्या डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी. जेवण झालं, डबा तेलकट झाला, आणि काका तो विसळायला पाण्याकडे निघाले. काकूंनी अडवलं. "इथली माणसं नको म्हणतात, कशाला उगाच? घरी घासते मी." काठावरच्या दोघातिघांनीही हात वर करून थांबवलं. आणि काकांचं डोकं फिरलं. त्यांना त्या माणसांत आपला बाप दिसला. लोखंडाने पाणी विटाळतं? विटाळ हा शब्द, ज्याच्यापायी घर सोडलं तो हजारो मैलांवर येऊन पुन्हा पुढ्यात उभा. ते सरळ गुडघाभर पाण्यात गेले आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत डबा बुडवून, चांगला घोळवून, स्वच्छ केला. गावातली वडीलधारी माणसं आली. शुद्धीसाठी एक मेंढा द्या म्हणाली. काकांनी त्यांना पृष्ठताणावर भाषण दिलं. त्या पावसाळ्यात मंजूला ताप आला, डोक्यात चढला, आणि ती गेली.

"मलेरिया," काका म्हणाले. "डासाची मादी चावली, जंतू रक्तात गेले. डब्याचा काय संबंध? काही संबंध नाही. मी फिजिक्सचा माणूस आहे."

"मग?"

"मग काय. बेल्ट टाक पिशवीत."

पण त्या दिवशी त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते सांगताना या उंच, ताठ, चिडक्या माणसाचा आवाज पार खाली गेला. काकू त्यावर कधी बोलल्याच नाहीत. तेव्हा नाही, इंग्लंडला आल्यावर नाही, भांडणात नाही, आजारपणात नाही. "भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. फळ्यावर आकृती काढून दाखवली असती. तुझ्यामुळे गेली एवढं एकदा तोंडाने म्हणाली असती तरी चाललं असतं. किंवा तुझ्यामुळे नाही गेली असं. काहीतरी. आता ही एकेक विसरत चाललीय. हे विसरायच्या आत तिने बोलावं, एवढंच हवंय मला. म्हणून आणतो इथे."

तेव्हा कुठे मला आमच्या शनिवारचा अर्थ लागला. आम्ही फिरायला जात नव्हतो. काका दर आठवड्याला निकाल ऐकायला जात होते, आणि काकू बदकं बघत होत्या.

मंडळाच्या एका कार्यक्रमात काकांना एकदा भाषणाची संधी मिळाली. "घानातली पाहण्यासारखी तळी" हा विषय ते कमिटीपुढे दर वर्षी ठेवत आणि कमिटी दर वर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणे. त्या वर्षी कुणाचा तरी तबला आयत्या वेळी रद्द झाला म्हणून काकांचा नंबर लागला. मुलांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा आणि जेवण यांच्या मधली वेळ. हॉलभर मसालेभाताचा वास सुटलेला. काकांनी जुन्या स्लाइड्स मुलाकडून कॉम्प्युटरवर घालून घेतल्या होत्या. कोट घालून, घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. पहिल्याच स्लाइडला मागून कुणीतरी विचारलं, "काका, तिकडे सफारी असते का हो?" दुसऱ्याने विचारलं, "व्हेज मिळतं का?" काकांनी दोन्ही प्रश्नांना शांतपणे उत्तरं दिली. एरवी त्यांनी फाडून खाल्लं असतं.

मग बोसुमत्वेची स्लाइड आली. मोठं करडं पाणी, मागे डोंगर, आणि पुढे काठाला एका लाकडी फळीवर पाठमोरी बसलेली एक लहान मुलगी. दोन वेण्या. पाय पाण्यात.

"किती गोड! कोण आहे ती?" पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

काका म्हणाले, "कुणी नाही. तळं केवढं आहे त्याचा अंदाज यावा म्हणून बसवलंय."

माझ्या शेजारी काकू बसल्या होत्या. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. समोरच्या बाईच्या अंबाड्यावरचा गजरा खरा की खोटा हे त्या बोट लावून तपासत होत्या. काका मात्र स्लाइड पुढे न ढकलता काकूंकडे बघत राहिले. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. शेवटी कमिटीतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पानं मांडली असल्याचं जाहीर झालं, आणि लोक उठले. मला त्या दिवशी सगळ्यांचा इतका राग आला की मी जेवलेच नाही. कुणाचीच चूक नव्हती, तरी आला.

त्या हिवाळ्यात काका बर्फावर घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन करून नवा खुबा बसवायचं ठरलं. डॉक्टर तरुण होता, नीट एक्स-रे दाखवून समजावत होता. सगळं ऐकून घेऊन काकांनी विचारलं, "इज देअर एनी आयर्न इन इट?"

डॉक्टरला वाटलं यांना धातूची ॲलर्जी आहे. तो म्हणाला, मुख्यतः टायटॅनियम आहे, थोडं कोबाल्ट, क्रोमियम.

"आय आस्क्ड अबाउट आयर्न."

तो म्हणाला, अगदी अंशमात्र असेलही, पण काळजी करू नका, गंजणार नाही. काका खिन्नपणे हसले. घरी आल्यावर, पुन्हा चालायला लागल्यावर, आम्ही पहिल्यांदा तळ्यावर गेलो तेव्हा ते बाकापाशीच थांबले. मी म्हटलं, चला, धरते हात. ते म्हणाले, "मी नाही येणार. डबा आता माझ्या आतच बसवलाय." त्यानंतर काकूंना चाकाच्या खुर्चीतून उतरवून, धरून धरून काठापर्यंत मी न्यायची. काका बाकावर पिशवी सांभाळत बसायचे. पाठीमागून त्यांची नजर जाणवायची, काकूंचे ओठ हलतात का हे बघणारी.

मुलगा महिन्यातून एकदा ब्रिस्टलहून यायचा. चांगला मुलगा, बापासारखाच उंच. त्याचं मराठी इथे वाढलेल्या मुलांचं असतं तसं. स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता तो मला म्हणाला, "आईचा कंडिशन मला बघवत नाही. आता त्यांना ब्रिस्टलला शिफ्ट करायची वेळ आला आहे. माझ्या घराजवळ एक केअर होम आहे, व्हेरी डीसेंट. पण डॅड ऐकत नाही. तो म्हणतो, अजून थोडे दिवस थांब. व्हॉट इज ही वेटिंग फॉर?"

मला ठाऊक होतं. पण सांगायचं कसं? त्याला बहीण होती एवढंच त्याला माहीत होतं, डबा माहीत नव्हता. मी म्हणाले, "सवयीचं घर आहे, म्हणून असेल."

आणि मग मार्चमधली ती दुपार आली. मला सर्दी झाली होती, घरूनच काम करत होते. काका डॉक्टरकडे गेले होते आणि काकू माझ्यासमोर टेबलाशी बसल्या होत्या. मी गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला शोधेपर्यंत ती विरघळायला लागली. कडू जहर. माझं तोंड वाकडं झालं असणार.

काकू उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या हनुवटीखाली आपली ओंजळ धरली.

"थुंक, मंजू," त्या हळूच म्हणाल्या. "कडू आहे ना? थुंक माझ्या हातावर. ह्यांना सांगायचं नाही हं."

मी पाणी पिऊन गोळी गिळली आणि त्यांचा हात हातात घेतला. "काकू, कसली गोळी?"

"रविवारची. तापाची." त्या दाराकडे बघत होत्या. "दर रविवारी द्यायची असते. रडते गं ती. उलटी काढते. मला नाही बघवत. मी म्हणते, थुंक, आणि वर साखर देते. ह्यांना वाटतं, घेतली." मग त्यांचा चेहरा आक्रसला. "मी थुंकू दिली. मी आई ना तिची? मीच थुंकू दिली." आणि त्या रडायला लागल्या, अगदी लहान मुलासारख्या, नाक वाहू देत. मी त्यांना पोटाशी धरलं. थोड्या वेळाने त्या शांत झाल्या आणि चहा झाला का विचारू लागल्या.

मलेरिया होऊ नये म्हणून तिकडे आठवड्याला एक गोळी घेत असत हे मला काकांच्याच बोलण्यातून माहीत होतं. म्हणजे इतकी वर्षं ज्या गप्प बसण्याला काका आरोप समजत होते, तो आरोप नव्हताच. ती बाई स्वतःच्याच भीतीने गप्प होती. एका पलंगावर दोघं आयुष्यभर झोपले आणि दोघांनाही वाटत होतं, आपण मारलं.

मी शनिवारपर्यंत थांबले. काकूंना शेजारीण बघत होती, आणि मी काकांना एकट्यालाच तळ्यावर घेऊन गेले. बाकावर बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. जे त्यांनी फिजिक्सने सिद्ध केलं होतं आणि कधी मानलं नव्हतं, ते आता मानता येईल. डब्याने काही झालं नव्हतं. गोळी पोटात जात नव्हती.

वाऱ्याने काकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, किंवा वाऱ्याने नसेलही.

"ती गोळीसुद्धा काही शंभर टक्के नसते," ते मास्तरांच्या आवाजात म्हणाले. मग तो आवाज त्यांनी सोडून दिला. "हे ती एवढी वर्षं मनात घेऊन बसली?"

"हो."

"आणि मी बसलो होतो तिने बोलावं म्हणून." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "हे बघ. ती पुन्हा असं म्हणाली तर तिला सांगायचं, गोळीचा काही संबंध नाही. पाण्याला लोखंड लागलं, म्हणून मंजू गेली."

"काका! तुम्ही म्हणता हे?"

"मी म्हणतो. माझा विश्वास बसलाय. आजपासून." आणि ते उठले. घरी जाईपर्यंत ते पुढे आणि मी मागे. काठी असूनही मला त्यांना गाठता येईना.

त्या दिवसानंतर काकूंची ती आठवण जणू दार उघडं राहिल्यासारखी रोज यायला लागली. दुपार झाली की त्या कपाटं उघडून रविवारची गोळी शोधायच्या आणि रडायला लागायच्या. मग काका त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसायचे. काकूंना कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांना ते मोठ्याने सांगावं लागायचं. "अगं, मंजू माझ्यामुळे गेली. तू नको म्हणत होतीस तरी मी तळ्यात डबा बुडवला. लोखंड लागलं पाण्याला. गोळीचं काही नाही."

पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या, "अहो, असं का केलंत तुम्ही?"

"चुकलं माझं."

"एवढी माणसं नको म्हणत होती. मी नको म्हणत होते. तुमचं ते सोवळं मोडायचं खूळ! पोरीचा तरी विचार करायचा." त्या खूप बोलल्या. जे आयुष्यभर बोलल्या नव्हत्या ते सगळं, एकापाठोपाठ एक. काका मान खाली घालून ऐकत होते. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच खोटं बोलून मिळवलं होतं. पण काकूंचं रडं थांबलं. त्या रात्री नीट जेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळं विसरून पुन्हा गोळी शोधायला लागल्या, आणि काका पुन्हा स्टूल घेऊन बसले. मी घरी असले की खोलीचं दार लावून घ्यायची. ऐकवत नसे. रोज तोच गुन्हा, रोज तोच कबुलीजबाब, आणि रोज नव्याने बसणारा मार. मी एकदा म्हटलं, "काका, किती दिवस असं?" ते म्हणाले, "तिला लागेल तितके दिवस."

वर्षाअखेर मला लंडनला नोकरी मिळाली, एजवेअरला जागा मिळाली. काका-काकूही ब्रिस्टलला जायला निघाले होते. आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. निरोप घ्यायला मी खाली आले तेव्हा दुपार होती, घरभर खोकी बांधून ठेवलेली, आणि काका नेहमीप्रमाणे स्टुलावर बसून सांगत होते. त्यांचा आवाज आताशा फार थकला होता. "...माझ्यामुळे गेली. मी बुडवला डबा. तुझी काही चूक नाही."

काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. ओळखही नव्हती. दारात आलेल्या परक्या, दमलेल्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं त्या बघत होत्या. मग त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "रडू नका. झालं ते झालं. मी ह्यांच्या कानावर नाही घालणार. त्यांचा फार जीव होता हो तिच्यावर, त्यांना सोसायचं नाही."

काकूंना आयुष्यभर अगं-तुगं करणाऱ्या काकांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, "नका सांगू."